ओढून नेतो, पण थांबवणार कोण?

कापसाचा हंगाम लागला की अमरावती-अकोला भागात एक वाद दरवर्षी नव्याने पेटतो. वाहतूक पोलिसांनी किंवा आरटीओने रस्त्यात एखादी ट्रॉली अडवलेली असते, दंडाची पावती फाडलेली असते, आणि जिनिंगच्या फाटकाबाहेर रांगेत उभी असलेली मंडळी त्या पावतीचा पंचनामा करत असतात. ‘पन्नास एचपीचा ट्रॅक्टर हाय भाऊ, वढून राह्यला नं? मंग ह्यायले काय तरास?’ हा पहिला मुद्दा. ट्रॉली म्हणजे शेतीचं अवजार, तिला कायले पाह्यजे पासिंग अन् इन्शुरन्स, हा दुसरा. आपल्या मुलखात घाट नाही, सारा सपाट पट्टा, हा तिसरा. आणि चौथा मुद्दा असा की ज्यापुढे बाकीचे सगळे गप्प होतात: शेतकरी आधीच मेलेला आहे, त्याला आणखी मारू नका.

हे बोलणारी माणसं अडाणी नाहीत. इंजिनाच्या आवाजावरून बिघाड ओळखणारी, रात्रीच्या पाळीत पाणी देऊन सकाळी बाजार गाठणारी माणसं आहेत ती. चौथ्या मुद्द्यात तर बरंच तथ्य आहे, त्याकडे मी येणारच आहे. पण त्या चौथ्याचं कवच पहिल्या तिघांना चढवून जी मागणी पुढे येते, की शेतकऱ्याच्या ट्रॉलीला नियमांतून सरसकट मोकळीक द्या, ती शेतकऱ्याच्याच मुळावर येणारी आहे. म्हणून हा प्रतिवाद.

आधी एचपीचं पाहू. ट्रॅक्टर ओढतो यात कौतुक करण्यासारखं फारसं काही नाही, कारण सपाट डांबरी रस्त्यावर चाकांवर ठेवलेलं ओझं सरकवायला त्याच्या वजनाच्या शंभरात दोन-तीन भाग एवढीच ओढ लागते. ट्रॅक्टर आणि भरलेली ट्रॉली मिळून आठ टन धरा. ते गडगडत ठेवायला लागणारी ओढ दोन-अडीचशे किलोंच्या आतबाहेर. खालच्या गिअरमध्ये जुना पस्तीस एचपीचा ट्रॅक्टरही ती सहज देतो. म्हणजे ‘वढून राह्यला’ या वाक्याने ट्रॅक्टर आणि ट्रॉलीची जोडी जुळते की नाही, याबद्दल काहीच सिद्ध होत नाही. एचपी हा काम किती झपाट्याने होईल याचा आकडा आहे. ते आठ टन थांबवायची वेळ येते तेव्हा इंजिनाचे पन्नास घोडे जवळपास बिनकामाचे असतात. तिथे कामाला येतं ते ट्रॅक्टरचं स्वतःचं वजन, आणि त्यातही मागच्या दोन चाकांवर पडणारं.

आता गणित करू. मी इथे कुणाचा अहवाल फडकवत नाही. कागद-पेन्सिल घेऊन कुणालाही करता येईल असा हिशेब आहे. पंचेचाळीस-पन्नास एचपीच्या साध्या ट्रॅक्टरचं वजन सुमारे दोन टन. आपल्याकडच्या टू-व्हील ड्राइव्ह ट्रॅक्टरला ब्रेक असतात ते फक्त मागच्या चाकांना, आणि त्या चाकांवर दोनापैकी साधारण एक टन तीनशे किलो वजन असतं. कोरड्या डांबरावर रबराची पकड वजनाच्या साठ टक्के धरली, तर चाकं घसरायच्या आत ब्रेकने मिळू शकणारा जास्तीत जास्त रोध सुमारे पावणेआठशे किलोंचा. एकटा ट्रॅक्टर ताशी २५ किलोमीटरने जात असेल, तर ब्रेक लागल्यावर तो सहा-साडेसहा मीटरमध्ये उभा राहतो. त्यालाच ट्रॉली जोडा. रिकामी ट्रॉली दीड टन, आत एक ब्रास वाळू. ब्रास म्हणजे शंभर घनफूट, कोरडी वाळू धरली तरी साडेचार टन. एकूण आठ टन झाले आणि ट्रॉलीला ब्रेक नाही. थांबवणारा रोध तोच, पावणेआठशे किलोंचा. थांबायला आता पंचवीस मीटर लागतात. ताशी ४० ने जात असेल तर पासष्ट. आणि हे सारं पाय ब्रेकवर पडल्यानंतरचं अंतर. समोर म्हैस आली हे डोळ्यांनी मेंदूला कळवून पाय हलेपर्यंत जे अंतर जातं ते वेगळं.

कुणी म्हणेल, दोनचाकी ट्रॉलीचं थोडं वजन दांड्यावरून ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांवर येतं, ते कुठे धरलं? बरोबर आहे. अर्धा टन धरा. पंचवीसच्या वेगाला पंचवीसऐवजी अठरा मीटर लागतील. एकट्या ट्रॅक्टरच्या तरी ते जवळपास तिप्पटच. उलट पावसाळ्यात शेतातून रस्त्यावर चढताना टायरच्या नक्षीत आपली काळी माती गच्च भरून येते, रस्ताही ओला असतो, तेव्हा पकड निम्मी होते आणि वाचलेले मीटर व्याजासकट परत जातात.

सपाट मुलखाचा मुद्दाही याच हिशेबात निकालात निघतो. दर्यापूर, मूर्तिजापूर, अंजनगाव हा पूर्णेचा पट्टा सपाट आहे हे कबूल. पण परतवाड्याहून चिखलदऱ्याकडे चढणारा रस्ता याच अमरावती जिल्ह्यात आहे, अकोल्याहून वाशीमकडे जाताना पातूरचा घाट आहे, आणि अकोटच्या वर पोपटखेड ओलांडलं की सातपुडा सुरू होतो. तिकडे कशाला, उड्डाणपुलाच्या सौम्य उतारावर, तीस मीटरला एक मीटर उतरणाऱ्या, आपली ती पंचवीस मीटरची जोडी अडतीस मीटरवर जाते. दहाला एक असा घाटाचा उतार असेल तर उताराची ओढ आणि ब्रेकचा रोध जवळपास सारखे होतात. म्हणजे ब्रेक पूर्ण दाबलेला आहे, चाकं अडलेली आहेत आणि गाडी चाललीच आहे. चालक मग सांगतो, ‘ब्रेक फेल झाला.’ ब्रेक फेल झालेला नसतो. त्याच्याकडून होण्यासारखं कामच ते नव्हतं. त्यात डिझेल वाचवायला उतारावर न्यूट्रल करण्याची खोड असली तर इंजिनाचा जो थोडा अटकाव मिळाला असता तोही गेला.

आणखी एक गोष्ट, जी शोरूममध्ये क्वचित सांगितली जाते. ट्रॅक्टरला उजव्या पायाशी दोन ब्रेक असतात, डाव्या चाकाचा वेगळा आणि उजव्या चाकाचा वेगळा. तासाच्या टोकाला ट्रॅक्टर जागेवर वळवायला ते हवेच. पण रस्त्यावर आल्यावर दोन्ही पेडल खिट्टीने एकत्र जोडायची असतात. ती खिट्टी किती ट्रॅक्टरवर लावलेली असते, हे पुढच्या वेळी रांगेत उभे असाल तेव्हा सहज वाकून पाहा. न लावता घाईत ब्रेक दाबला की एकच चाक धरतं, ट्रॅक्टर आडवा होतो आणि मागची सहा टनांची ट्रॉली त्याला ढकलत राहते. ट्रॅक्टर उलटला की त्यावर बसलेल्याला वाचायला जागा नसते. ट्रॉली भरायचीही एक रीत आहे. दोनचाकीत माल मागे जास्त झाला तर दांडा वर उचलतो आणि ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांवरचं वजन, म्हणजे तेवढा ब्रेकच, काढून घेतो. पुढे जास्त झाला तर चढाला ट्रॅक्टरची पुढची चाकं हलकी होतात आणि स्टिअरिंग फिरवूनही ट्रॅक्टर वळत नाही. कापसात वजन कमी, पण तुडवून तुडवून रचलेला ढीग इतका उंच जातो की वळणावर कलंडायची भीती. वाळूत उंची नाही, वजन भयंकर. ट्रॉली तीच असते, ‘भरली’ हा शब्दही तोच असतो, आणि डोळ्याला दोन्हीतला फरक चुकीचा दिसतो. वाळूची ट्रॉली अर्धी रिकामी वाटते.

याला जोड म्हणून रस्ता पाहा. राष्ट्रीय महामार्ग ५३ वर अमरावती ते अकोला दरम्यान जून २०२२ मध्ये सलग ७५ किलोमीटर डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत झालं आणि त्याची गिनीज बुकात नोंद झाली. आपण सगळ्यांनी अभिमानाने मोबाइलवर ती बातमी फिरवली. मीही फिरवली. त्या गुळगुळीत रस्त्यावर आज मोटारी शंभरच्या वेगाने येतात, आणि त्याच रस्त्यावर संध्याकाळी वीसच्या वेगाने जाणाऱ्या ट्रॉलीच्या मागे दिवा नसतो. रिफ्लेक्टर असलाच तर शेणामातीने झाकलेला. रस्ता जगाच्या यादीत गेला, पण त्यावर चालणारी ट्रॉली गावच्या वेल्डिंगच्या दुकानातून निघाली तशीच राहिली.

आता परदेशातलं उदाहरण देतो आणि ‘ते श्रीमंतांचे चोचले’ हा आक्षेप आधीच ऐकून ठेवतो. इंग्लंडमध्ये मध्यमवर्गी कुटुंब सुट्टीत आपल्या साध्या मोटारीमागे कॅराव्हॅन, म्हणजे चाकांवरचं छोटं घर, जोडून समुद्रकिनारी जातं. त्या सहलीआधी घरमालक जो हिशेब करतो तो आपल्याकडे वाळूचा ठेकेदारही करत नाही. कॅराव्हॅनचं भरलेलं वजन मोटारीच्या वजनाच्या ८५ टक्क्यांच्या आत ठेवा, असा तिथे नवशिक्याला सल्ला असतो. हुकावर येणारा भार कॅराव्हॅनच्या वजनाच्या पाच ते सात टक्के असावा, म्हणून लोक तो मोजून मग आतलं सामान पुढे-मागे सरकवतात. मागच्या गाडीचं अनुमत वजन ७५० किलोंच्या वर गेलं की तिला स्वतःचे ब्रेक असलेच पाहिजेत, असा कायदा. हुक निसटला तर एक तार ताणली जाऊन मागच्या गाडीचे ब्रेक आपोआप लागतात. ओढणारी गाडी मागच्या ओझ्यापेक्षा जड असावी, ही तिथली सुरुवात आहे. आपल्याकडे मागचं ओझं ओढणाऱ्याच्या तिप्पट झालं तरी चर्चा एचपीची चालते.

चोचल्यांचा आक्षेप इथे टिकत नाही, कारण त्या कॅराव्हॅनमधला ब्रेक अगदी साधा असतो. पुढची गाडी हळू झाली की मागची तिला ढकलते. तो धक्काच दांड्यातल्या सरकत्या नळीवाटे एक सळई दाबतो आणि मागचे ब्रेक लागतात. पुढच्या गाडीतून तेलाची किंवा हवेची नळी आणावी लागत नाही. मागे घेताना तो ब्रेक अडकू नये म्हणून एक खटका. जड ट्रॉलीला तेल किंवा हवेचे ब्रेक लागतील हे खरं, पण लहान ट्रॉलीला पुरेल असा हा यांत्रिक ब्रेक आपल्या कारागिरांना जमणार नाही, असं म्हणणं हा त्यांचा अपमान आहे. जॅक टाकून ट्रॉलीचा अख्खा डाला वर उचलण्याची सोय गावोगावचे कारागीर करून देतात. माल एका दमात रिकामा व्हावा असं गिऱ्हाइकाने मागितलं, म्हणून ती सोय आली. ब्रेक कुणी मागितलाच नाही. आणि ज्यांना शेतीचेच नियम हवेत त्यांच्यासाठी: अमेरिकेत ट्रॅक्टरवाल्यांना दिला जाणारा सल्ला असा की ब्रेक नसलेलं ओझं ट्रॅक्टरच्या वजनाच्या दीडपटीहून कमी असावं आणि वेग ताशी ३२ किलोमीटरच्या आत. आपल्या दोन टनी ट्रॅक्टरला म्हणजे ट्रॉलीसकट तीन टन.

ट्रॉली हे अवजार, हा दुसरा मुद्दा. मोटार वाहन कायदा, १९८८ मध्ये मोटार वाहनाच्या व्याख्येतच ट्रेलर येतो. नांगर, रोटाव्हेटर ही अवजारं. रस्त्यावर माल घेऊन जाणारी ट्रॉली हे वाहन. तिची नोंदणी वेगळी आणि विमाही वेगळा पाहायचा. नोंदणीच्या वेळी ठरलेल्या वजनापेक्षा जास्त माल भरला तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर दंड वीस हजार रुपये, वर प्रत्येक जादा टनाला दोन हजार. हा दंड शेतकऱ्याला झेपणारा नाही यावर आपलं एकमत आहे. पण कायदा शेतकऱ्यावर डोळे वटारूनच बसलेला आहे, हे चित्र मात्र अर्धवट आहे. ट्रॅक्टरचा परवाना असलेल्याने मागे माल भरलेली ट्रॉली जोडली म्हणून तो परवाना निरुपयोगी ठरत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्येच दिला आहे. विमा कंपनीचा तो आडमुठा बचाव न्यायालयाने फेटाळला.

मात्र विम्याची दुसरी बाजूही ऐकावी लागेल, आणि ती आपल्या घरावर येते. वीटभट्टीसाठी माती नेणाऱ्या ट्रॉलीवरून पडून जायबंदी झालेल्या एका मजुराचं प्रकरण २००७ मध्ये सर्वोच्च न्यायालयात आलं होतं. ट्रॅक्टरचा विमा होता, तोही शेतीकामापुरता, ट्रॉलीचा नव्हता. विमा कंपनीची जबाबदारी नाही, असंच न्यायालयाने म्हटलं. मजूर गरीब होता म्हणून आपल्या विशेषाधिकारात न्यायालयाने कंपनीला पैसे द्यायला लावले, पण ते मालकाकडून वसूल करण्याची मुभा देऊन. मालकाकडून म्हणजे कुणाकडून? ज्याच्या नावावर ट्रॅक्टर आहे त्याच्याकडून. आपल्याकडे तो दोन-तीन एकरांचा धनी असतो, ट्रॅक्टर कर्जावर असतो, आणि कुणाच्या तरी आग्रहाखातर चार दिवस भट्टीच्या भाड्याला गेलेला असतो. ‘ट्रॉलीले कायले इन्शुरन्स’ म्हणणारे पुढारी त्या वसुलीच्या दिवशी त्याच्या दारात नसतात.

आणि माणसं. सोयाबीनच्या सोंगणीला, कापूस वेचायला, लग्नाच्या वऱ्हाडाला, जत्रेला आपण माणसं ट्रॉलीत भरतो. ट्रॅक्टरवर आसन एकच, चालकाचं. ट्रॉलीत एकही नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये उत्तर प्रदेशात कानपूरजवळ देवदर्शनाहून परतणाऱ्या भाविकांची ट्रॉली तळ्यात उलटून २६ जण गेले. ते लांबचं वाटत असेल तर ४ एप्रिल २०२५ चं नांदेड आठवा. हिंगोली जिल्ह्यातून हळदीच्या कामाला निघालेल्या मजूर बायांची ट्रॉली ट्रॅक्टरसकट विहिरीत गेली आणि सात बाया बुडून मेल्या. त्या सात जणी कुणाच्या होत्या? शेतकऱ्याच्या बाजूने बोलतो म्हणणाऱ्याने हा प्रश्न टाळू नये. ट्रॉलीत बसणारी शेतमजूर बाई शेतकरी चळवळीच्या हिशेबात कुठेच येत नसेल, तर ती चळवळ फक्त ट्रॅक्टरमालकांची आहे असं मी समजेन. तिला आणायला जीप लावली तर मजुरीचा हिशेब बिघडतो, असं मला सांगितलं जातं. बिघडतो हे खरं आहे. मग तो वाहतुकीचा खर्च शेतमालाच्या उत्पादन खर्चात धरा आणि हमीभावात मागा. तिच्या जिवातून तो वळता करू नका.

आता चौथा मुद्दा, ज्यात तथ्य आहे. दंडाची पावती चुकीच्या माणसाच्या हातात पडते. दिवसाउजेडी कापूस नेणारा सापडतो. रात्री नदीपात्रातून वाळू काढून नेणारा, ज्याची ट्रॉली खरोखर जीवघेणी भरलेली असते, तो सापडत नाही, आणि का सापडत नाही हे गावातल्या पोट्ट्यालाही ठाऊक असतं. ट्रॉली विकणारा कारखानदार बिलावर तिचं वजन किती, माल किती भरायचा, हे बहुतेक वेळा लिहीत नाही. ट्रॅक्टर विकणारा एचपी, मायलेज आणि हप्ता सांगतो. मागे किती टन ओढायचे याचा आकडा गिऱ्हाईक विचारत नाही आणि तो सांगत नाही. मध्य प्रदेशात बुदनीला केंद्र सरकारची ट्रॅक्टर चाचणी संस्था आहे. तिथे ट्रॅक्टरची ओढ मोजतात, ब्रेक तपासतात, जाड अहवाल निघतात. त्यातली एक ओळही आपल्या शोरूमच्या भिंतीवर दिसत नाही. या सगळ्या साखळीत शेवटचा आणि सगळ्यात दुबळा माणूस शेतकरी, आणि दंड त्याला. हा राग मला पटतो.

पण या रागातून निघणारा निष्कर्ष उलटा असायला हवा. वर मोकळीक आणि खाली अपघात, अशी वाटणी झाली तर सुटतात ते ब्रेक न लावता ट्रॉली विकणारे, आकडा न सांगता ट्रॅक्टर विकणारे आणि डोळेझाक करणारे. अडकतो तोच, ज्याच्यासाठी मोकळीक मागितली. शासनही यात साळसूद नाही. अनुसूचित जाती व नवबौद्ध बचत गटांसाठी राज्याची ९० टक्के अनुदानाची योजना आहे: ९ ते १८ एचपीचा मिनी ट्रॅक्टर आणि सोबत कल्टिव्हेटर किंवा रोटाव्हेटर व ट्रेलर. योजना चांगली आहे, बागेत आणि आंतरमशागतीत हा छोटा ट्रॅक्टर सोन्यासारखा. पण त्याचं वजन एक टनाच्या आसपास, कधी त्याहून कमी. दीडपटीच्या हिशेबाने त्यामागे ट्रॉलीसकट दीड टनाच्या वर काही जोडायला नको. गावात मोठ्या ट्रॅक्टरची ट्रॉली रिकामी उभी असली की ती याच छोट्याच्या मागे लागते, कारण हुक बसतो आणि तो ओढतो. अनुदानाच्या कागदांबरोबर एका पानाचा हिशेब दिला असता तर काय बिघडलं असतं?

‘वजन कोणाले माईत राह्यते?’ असंही विचारतात. या मुलखात हा प्रश्न विचारायची सोयच नाही. वऱ्हाडात कापसाची ट्रॉली काट्यावर चढल्याशिवाय रिकामी होत नाही. काट्याच्या चिठ्ठीवर तीन आकडे येतात: भरलेलं वजन, रिकामं वजन आणि निव्वळ माल. शेतकरी तिसऱ्या आकड्यासाठी भांडतो, दोन किलोंच्या कडत्यासाठी व्यापाऱ्याशी हुज्जत घालतो, आणि ते रास्तच आहे, ते त्याचे पैसे आहेत. पहिल्या आकड्याकडे कुणी पाहत नाही. ट्रॅक्टर, ट्रॉली आणि माल मिळून किती टन घेऊन आपण चाळीस किलोमीटर आलो, हे त्या आकड्यात किलोपर्यंत छापलेलं असतं. बाजार समितीकडे, सीसीआयच्या केंद्राकडे, प्रत्येक जिनिंगकडे हंगामभराच्या अशा चिठ्ठ्या पडलेल्या असतात. जिल्हा रस्ता सुरक्षा समितीने त्या नुसत्या मागवून घेतल्या तरी कोणत्या ट्रॉल्या किती भरून येतात याचं चित्र महिन्याभरात समोर येईल, आणि त्यासाठी एकाही शेतकऱ्याला रस्त्यात अडवावं लागणार नाही.

काय करता येईल हे सांगायला तज्ज्ञांची समिती नको. अकोल्याला डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आहे, त्याचं कृषी अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. दरवर्षी शिवार फेरीला हजारो शेतकरी तिथे येतात, वाण पाहतात, यंत्रं पाहतात. त्या फेरीत ब्रेक असलेली आणि नसलेली अशा दोन भरलेल्या ट्रॉल्या एकाच वेगाने सोडून थांबवून दाखवा; माझ्या वरच्या सगळ्या आकड्यांपेक्षा तो प्रयोग जास्त काम करेल. विद्यापीठाने गावच्या कारागिराला जमेल असा ट्रॉली-ब्रेकचा नकाशा तयार करून आयटीआयमार्फत द्यावा. प्रत्येक नव्या ट्रॉलीवर तिचं स्वतःचं वजन आणि भरायची मर्यादा ठोकलेली पट्टी असावी, हुकाच्या पिनेला लॉक आणि सोबत साखळी असावी, मागे दिवा असावा. जुन्या ट्रॉल्यांना मुदत द्या, ब्रेक बसवायला अनुदान द्या, आणि ती मुदत संपेपर्यंत दंडाचा बडगा वाळू-विटांच्या भाड्याच्या ट्रॉल्यांवर आधी चालवा.

शेतकरी संघटनांना एक विनंती आहे. यंदाच्या हंगामात आरटीओवर मोर्चा न्यायचा असेल तर जरूर न्या, मीही येईन. निवेदनात मात्र सुटीची मागणी खाली ठेवा आणि वर हे लिहा, की सरकारी अनुदानातून यापुढे ब्रेक नसलेली एकही ट्रॉली वाटली जाऊ नये, आणि बिलावर वजनाचा आकडा नसेल तर ती विकली जाऊ नये.